खाडीतल्या जंतूला काय काय कळतं

"सर, हिरव्या किती आल्या?"

कोळंबीच्या तलावांचं पाणी तपासून द्यायचं काम मी काही वर्षं रत्नागिरीच्या बाजूला केलं. सकाळी फोन करणारा तलाववाला नमस्काराच्या भानगडीत न पडता थेट हेच विचारायचा. हिरव्या म्हणजे हिरव्या कॉलन्या. टीसीबीएस नावाचं एक माध्यम असतं. त्याच्या बशीवर पाण्याचा थेंब पसरून ती रात्रभर उबेला ठेवली की व्हिब्रिओ कुळातले जंतू ठिपक्याठिपक्यांनी वर येतात. उसाची साखर पचवणारे पिवळे दिसतात, न पचवणारे हिरवे. पिवळ्यांना फारसं कोणी भीत नाही. हिरव्या वाढल्या की मात्र बांधावर धावपळ. कोणी चुना मारतो, कोणी प्रोबायोटिकचे डबे उघडतो, कोणी मध्यरात्री उठून पाण्यात हवा मिसळणारा आणखी एक एरेटर लावतो.

हा हिशेब अगदीच बिनबुडाचा नाही. व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकस आणि व्हिब्रिओ व्हल्निफिकस ही दोन बदनाम मंडळी बहुतेक वेळा हिरवीच उगवतात. पण माशांच्या रोगांतल्या सगळ्यात जुन्या आरोपींपैकी एक, व्हिब्रिओ अँग्विलेरम, पिवळा येतो. व्हिब्रिओ हार्वेयीचं तर काही खरं नाही, त्याचे काही वाण पिवळे आणि काही हिरवे. जंतू साखर खातो की नाही, एवढ्यावरून तो मासा मारेल की नाही हे कसं सांगणार? शिवाय बशीवर डोकी मोजून होतात. ती डोकी तलावात काय करत होती, याचा पत्ता लागत नाही. हिरव्यांनी गच्च भरलेल्या बशा मी पाहिल्यात आणि त्याच तलावातून पुढे उत्तम माल निघालेलाही पाहिलाय. उलट मोजक्या ठिपक्यांची बशी हातावेगळी करून निश्चिंत झालो, तर आठवड्याच्या आत त्याच तलावाच्या चेक ट्रेमध्ये, म्हणजे तपासणीसाठी पाण्यात सोडलेल्या जाळीच्या ताटात, मेलेली कोळंबी.

त्यामुळे "जंतू आला कुठून?" या प्रश्नातला माझा रस हळूहळू आटत गेला. तो खाडीत होताच. भरतीच्या पाण्याबरोबर आत येतो, माशांच्या कल्ल्यांवर, आतड्यांत, चिंबोरीच्या पाठीवर, शेवाळावर बसून राहतो आणि बहुतेक वेळा कोणाच्याही वाटेला जात नाही. मला छळायला लागला तो प्रश्न वेगळाच. आज मारायचं, हे त्याला कसं कळतं?

कळण्यासाठी त्याच्याकडे मेंदू नाही, हे वेगळं सांगायला नको. एक पेशी, आत डीएनएचा एक गुंतवळा (व्हिब्रिओंच्या बाबतीत दोन), आणि बाहेर सगळं अथांग पाणी. पण मासा मारायला लागणारी सामग्री तयार करणं हे फार खर्चाचं काम आहे. पेशी फोडणारं विष, मांस विरघळवणारी विकरं, समोरच्याच्या पेशीत सुईसारखी घुसणारी यंत्रं, हे सगळं प्रथिनांचं बांधकाम. एकटादुकटा जंतू खाडीत पोहताना विकरं सोडत बसला तर ओहोटी ती घेऊन जाणार आणि याच्या पदरात उपासमार. माशाच्या आत शिरल्यावरही घाईने हत्यार दाखवलं तर माशाच्या संरक्षक पेशी ते ओळखून तुटून पडणार. म्हणून या हत्यारांची जनुकं बहुतेक काळ बंद असतात. ती उघडायची कधी, हे ठरवणारी यंत्रणा हाच त्या जंतूच्या आयुष्यातला सगळ्यात शहाणा भाग, असं माझं मत आहे. विष तर काय, कोणीही बनवतं.

अँग्विलेरमपासूनच सुरुवात करू. १८९३ साली इटलीतल्या कॅनेस्ट्रिनी यांनी ईल माशांच्या साथीतून एका जंतूचं वर्णन केलं. पुढे १९०९ मध्ये बर्गमन यांनी बाल्टिक समुद्रातल्या ईलच्या 'लाल साथी'चा अभ्यास करून त्याला व्हिब्रिओ अँग्विलेरम हे नाव दिलं. ईल म्हणजे आपल्या वामीचा लांबचा नातलग. कातडीखाली रक्त साकळून मासा लालबुंद होतो, परांच्या मुळाशी चट्टे उठतात, आणि बघता बघता टोपलीभर मासे उलटे. नंतर हा जंतू सॅल्मन, ट्राउट, कॉड असे पन्नासच्या आसपास जातींचे मासे मारतो असं लक्षात आलं. पण त्याचे सगळे वाण मारत नाहीत. एकाच नावाचा, बशीवर एकसारखाच दिसणारा एक वाण टाकीभर सॅल्मन संपवतो आणि दुसरा नुसता पोहत राहतो, हे कोडं बराच काळ तसंच पडून होतं.

ते सुटलं लोखंडावरून.

कोकणात लोखंडाची टंचाई म्हटली तर चिरेखाणीवरचा गडीसुद्धा हसेल. आपला जांभा लाल आहे तो त्यातल्या लोखंडाच्या गंजामुळेच. मृगाच्या पहिल्या पावसात वहाळ लाल होतात, वहाळातून नदी, नदीतून खाडी, आणि बंदरावरून बघितलं तर निळ्या पाण्यात लांबपर्यंत तांबडी जीभ गेलेली दिसते. एवढं लोखंड वाहून जातं. पण ते जातं गंजाच्या रूपात, आणि प्राणवायू असलेल्या पाण्यात गंज जवळपास विरघळतच नाही. जंतूला तो चावता येत नाही, गिळता येत नाही. भरल्या घरात उपाशी, अशी गत.

माशाच्या रक्तात तर त्याहून कडक बंदोबस्त. तिथे लोखंड भरपूर, पण एकही कण मोकळा नाही. काही हिमोग्लोबिनमध्ये अडकलेलं, तर उरलेलं ट्रान्सफेरिन नावाच्या प्रथिनाने कवटाळून धरलेलं. मोकळं लोखंड इतकं नगण्य की त्यावर एकही जंतू वाढणार नाही. माणसाच्या रक्तातही हीच व्यवस्था आहे, आणि ती मुळात जंतूंना उपाशी मारण्यासाठीच मुरलेली असावी, असं मानायला भरपूर जागा आहे.

पण याचा दुसरा अर्थ जंतूने लावला. अचानक लोखंड शून्यावर आलं, म्हणजे आपण कोणाच्या तरी शरीरात आहोत.

हा अर्थ लावणाऱ्या प्रथिनाचं नाव फर. ते जंतूच्या पोटात असतं. आत लोखंड पुरेसं असलं की लोखंडाचा अणू फरला चिकटतो, त्याने फरचा आकार बदलतो, आणि ते डीएनएवर ठरावीक जागी जाऊन बसतं. ते बसलं की पुढची जनुकं बंद. लोखंड संपलं की फर रिकामं होतं, डीएनएवरची पकड सुटते आणि जनुकं उघडतात. आमचं गाव अलिबागकडच्या खारेपाटातलं. तिथल्या बांधात जी उघाडी असते तिचं काम नेमकं असंच चालतं. भरतीला बाहेरच्या पाण्याच्या दाबाने झडप आपोआप मिटते आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला बाहेरचा दाब गेला की तीच झडप आतल्या पाण्याने ढकलून उघडते. तिथे कोणी राखणदार उभा नसतो, कोणी हुकूम देत नाही. पाण्याची पातळीच झडपेला सांगते आणि पातळीच ती फिरवते. फरची गोष्ट पहिल्यांदा वाचली तेव्हा मला आमची उघाडीच डोळ्यांपुढे आली होती.

झडप उघडल्यावर आतून काय बाहेर पडतं, हे अर्जेंटिनातून अमेरिकेत गेलेल्या होर्हे क्रोसा यांच्या गटाने दाखवलं. मारणाऱ्या वाणांत त्यांना मुख्य डीएनएखेरीज एक छोटं गोल डीएनए, म्हणजे प्लाझ्मिड, सापडलं. त्याचं नाव पीजेएम-१, लांबी साधारण ६५ हजार अक्षरांची. वाणातून हे प्लाझ्मिड घालवलं की जंतूची मारण्याची ताकद पार उतरायची. १९८० मध्ये 'नेचर'मध्ये त्यांनी लिहिलं की या प्लाझ्मिडवर लोखंड मिळवण्याची व्यवस्था आहे. विष नाही, विकर नाही. लोखंड! जंतू अँग्विबॅक्टिन नावाचा एक छोटा रेणू बनवून बाहेर सोडतो. तो रक्तात हिंडून ट्रान्सफेरिनच्या मिठीतून लोखंड ओढून घेतो आणि जंतूच्या अंगावरच्या ठरावीक दारातून परत आत येतो. त्या दाराची कृतीही त्याच प्लाझ्मिडवर लिहिलेली. लोखंडाची चणचण असताना उत्पादन आणखी वाढवणारं अँगआर नावाचं एक प्रथिनही तिथेच. आणि लोखंड भरपूर झालं की जनुकाच्या संदेशावर उलटा बसून त्याला दाबणारा एक छोटा आरएनएसुद्धा. एका रेणूच्या कारखान्याला इतके पहारे बसवलेले पाहिले की या जंतूला फुकटचं काही करायला आवडत नाही, एवढं तरी पटतं.

अँग्विबॅक्टिनच्या बांधणीत एक तुकडा हिस्टामाइनपासून आलेला आहे. उन्हात राहिलेला बांगडा खाऊन ज्यांच्या अंगावर कधी गांधी उठल्यात त्यांनी हिस्टामाइनची चव अनुभवलेली आहे. तिथे ते बनवणारे जंतू वेगळे आणि कारणही वेगळं, पण निसर्गाच्या भांडारात सुटे भाग किती थोडे आहेत याचं मला दर वेळी नवल वाटतं.

लोखंडाची हीच गोष्ट माणसापर्यंत येते, आणि ती कोकणातल्या प्रत्येक घराला माहीत असायला हवी. मासे साफ करताना काटा रुतला की आमच्याकडे हळद दाबून पुढच्या माशाला हात घालायची रीत. बहुतेकांना काही होत नाही. पण यकृताचा जुना आजार असलेल्या किंवा शरीरात लोखंड साठून राहण्याचा विकार असलेल्या माणसाच्या रक्तात तो बंदोबस्त ढिला पडलेला असतो. व्हिब्रिओ व्हल्निफिकस अशाच माणसात तासातासाने वाढतो. १९८१ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगात दिसलं की आधी लोखंड टोचलं तर उंदीर मरायला अगदी थोडे जंतू पुरतात. तेव्हा घरात कोणाचं यकृत बिघडलेलं असेल तर त्याने कच्ची कालवं तोंडात टाकू नयेत, आणि खाऱ्या पाण्यातली जखम सुजून काळीनिळी व्हायला लागली तर सकाळपर्यंत थांबू नये.

लोखंडानंतर तापमान. इथे मात्र कोकणातल्या माणसाला थोडी गंमत वाटेल. थंड पाण्यातल्या ट्राउट-सॅल्मनचा जुना शत्रू एरोमोनस सॅल्मोनिसिडा प्रयोगशाळेत २५ अंशांच्या वर वाढवत ठेवला तर त्याच्या एका प्लाझ्मिडवरचा सुईसारख्या यंत्राचा भागच गळून पडतो आणि जंतू निरुपद्रवी होऊन बसतो. म्हणजे मीरकरवाड्याच्या धक्क्यावर एप्रिलच्या दुपारी त्याला आणून ठेवलं तर तो हत्यार टाकूनच येईल. एडवर्डसिएला नावाचा दुसरा जंतू मात्र आपल्या हवेचा आहे. मागूर, कटला-रोहू, ईल, सगळ्यांना तो लागतो. त्याच्या अंगावर फोक्यू नावाचं एक प्रथिन आहे आणि तापमानाप्रमाणे त्याची घडण बदलते. साधारण २३ ते ३५ अंशांत ते हत्यारांच्या जनुकांना हिरवा कंदील देतं, आणि २० च्या खाली किंवा ३७ च्या वर बंद करतं. हे वाचून मी कपाळाला हात लावला. आपल्या खाडीचं आणि तलावांचं पाणी जवळजवळ वर्षभर याच पट्ट्यात असतं. म्हणजे तापमानाची अट आमच्या जंतूंच्या बाबतीत कायमच पुरी झालेली. राहिल्या बाकीच्या अटी.

आणि अटी बऱ्याच आहेत, हीच मेख आहे. एडवर्डसिएलाला माशाच्या भक्षक पेशीने गिळलं की तो मरायच्या ऐवजी आतच मुक्काम ठोकतो. ज्या पिशवीत तो अडकतो तिथे आंबटपणा वाढलेला आणि मॅग्नेशियम-फॉस्फेट कमी. हे वाचणारी प्रथिनं त्याच्याकडे आहेत. त्यांचा निरोप ईएसआरबी नावाच्या नियंत्रकापर्यंत जातो आणि मग यंत्रं उभी राहतात. एकट्या खुणेवर तो विसंबत नाही. उष्णता जुळली, आंबटपणा जुळला, उपास जुळला, मग. अँग्विलेरमही तसाच. ईएमपीए नावाचं मांस विरघळवणारं विकर तो केव्हा बनवतो, याचा शोध घेताना १९९९ मध्ये आढळलं की सॅल्मनच्या आतड्यातला चिकट स्राव दिला की ते विकर झपाट्याने तयार होतं. माशाच्या अंगावरचा जो बुळबुळीतपणा आपण राख लावून घालवतो, तो माशाचं चिलखत असतो. जंतू त्याच चिलखताला हात लावून ओळखतो की आपण मुक्कामाला पोचलो.

आता गर्दी. या विषयावर सगळ्यात जास्त लिहिलं गेलंय आणि त्यात सगळ्यात जास्त घाईही झाली आहे. कोळंबीच्या बीजाच्या हॅचरीत रात्री दिवे मालवून टाक्यांकडे बघायची पद्धत आहे. पिल्लं अंधारात हिरवट-निळी चमकली तर समजायचं, व्हिब्रिओ हार्वेयी आत आहे आणि सकाळ कठीण. थंडीत आपल्या किनाऱ्यावर लाटा चमकतात ते काम दुसऱ्याच एका सूक्ष्मजीवाचं, नॉक्टिलुकाचं. तो जंतू नाही आणि त्याची चमक पाण्याच्या हालचालीने उठते. हार्वेयीची चमक स्थिर असते, आणि तिचं कारण शोधता शोधता जंतूंची बोली सापडली. १९७० मध्ये नील्सन, प्लॅट आणि हेस्टिंग्ज यांनी हार्वेयीच्या एका भावंडावर, व्हिब्रिओ फिशरीवर, काम करताना दाखवलं की चंबूत जंतू थोडे असताना उजेड पडत नाही. ते वाढून दाटी झाली की एकदम पडतो. प्रत्येक जंतू एक छोटा रेणू पाण्यात सोडत असतो. दाटी झाली की त्या रेणूचं प्रमाण वाढतं, तो परत पेशीत शिरतो आणि दिव्याची जनुकं उघडतात. १९९४ मध्ये या प्रकाराला कोरम सेन्सिंग हे नाव मिळालं. ग्रामसभेला कोरम लागतो तोच शब्द.

हार्वेयीकडे असे एक सोडून तीन रेणू आहेत. एक स्वतःच्या जातीपुरता, दुसरा व्हिब्रिओ कुळापुरता, तिसरा कितीतरी परक्या जंतूंनाही कळणारा. म्हणजे त्याला नुसतं "किती आहोत" एवढंच कळत नाही, "आपले किती आणि दुसरे किती" याचाही अंदाज येतो. गोड्या पाण्यातल्या मोठ्या कोळंबीच्या पिल्लांवरच्या प्रयोगांत ही बोली बिघडवली की हार्वेयीची मारकता उतरते असं दिसलं. तेवढ्यावर बऱ्याच लोकांनी जाहीर करून टाकलं की बोली तोडा, रोग संपला.

इतकं सरळ नाही. हार्वेयीतच दाटी झाल्यावर मांस विरघळवणारं विकर वाढतं, पण सुईसारखं यंत्र मात्र बंद पडतं. एक हत्यार बाहेर, दुसरं म्यानात. आणि आपल्या जुन्या अँग्विलेरमकडेही अशीच एक बोली आहे, १९९७ मध्ये तिची जनुकं सापडली, पण ती निकामी केल्यावरही जंतूने मासे मारायचं सोडलं नाही. एका कुळातले दोन भाऊ, दोघांना बोलता येतं, पण मारायच्या वेळी एक जण भावकीला विचारतो आणि दुसरा विचारत नाही. कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही.

या सगळ्या खुणांत जिने मला सगळ्यात अस्वस्थ केलं ती म्हणजे माशाची भीती.

मासा घाबरतो. जाळं ओढलं, पाण्यातला प्राणवायू पहाटे उतरला, शेजारच्याची शेपटी सतत अंगाला घासायला लागली, की त्याच्या रक्तात नॉरएपिनेफ्रिन आणि त्याच्या कुळातली रसायनं चढतात. तीच, जी आपल्याला काळोखात फुरसं दिसल्यावर चढतात. या रसायनांच्या रेणूला एका टोकाला कॅटेकोल नावाचा तुकडा असतो आणि त्याला लोखंड धरता येतं. अँग्विबॅक्टिन ज्या तुकड्याच्या जोरावर लोखंड पकडतो, तोही कॅटेकोलच. म्हणजे जंतूने लोखंड चोरायला जी कडी बनवली, तशीच कडी माशाच्या भीतीच्या रसायनाला आहे. नॉरएपिनेफ्रिन ट्रान्सफेरिनकडचं लोखंड सैल करतं आणि जंतूंना ते आयतं मिळतं, हे बऱ्याच जंतूंच्या बाबतीत दाखवलं गेलं आहे. बेल्जियममधल्या गेन्ट विद्यापीठात व्हिब्रिओंवर काम करणाऱ्या गटाला पुढे असंही दिसलं की नॉरएपिनेफ्रिन आणि डोपामिन मिळालं की हार्वेयी आणि अँग्विलेरम जास्त पोहायला लागतात, आणि हार्वेयीची मारकताही वाढते.

पोहण्याचं महत्त्व असं, की अँग्विलेरमचं शेपूट तोडून त्याला पाण्यात सोडलं तर तो माशाला जवळजवळ काहीच करू शकत नाही. पण तोच जंतू सुईने थेट माशाच्या पोटात टोचला तर पूर्वीइतकाच मारतो. शेपटाचं काम दारापर्यंत पोचवायचं. घाबरलेला मासा जणू त्याला दारापर्यंतची वाट दाखवतो आणि आत आल्यावर जेवायलाही वाढतो. तलावावर आम्ही "स्ट्रेस आलाय, म्हणून रोग आला" असं वर्षानुवर्षं बोलत आलो. प्रतिकारशक्ती कमी झाली असेल, एवढाच त्याचा अर्थ आम्ही घ्यायचो. समोरचाही ते ऐकत असेल, हे कोणाच्या मनात आलं नव्हतं.

एक गोष्ट या सगळ्या शहाणपणाला छेद देते, आणि ती टाळून पुढे जाणं बरोबर नाही. २००९ च्या सुमाराला चीनमध्ये आणि मग आग्नेय आशियात बीज टाकल्यावर पहिल्या महिनाभरातच कोळंबी पटापट मरायला लागली. २०१३ मध्ये ॲरिझोना विद्यापीठातल्या लाइटनर यांच्या गटाने कारण धरलं. तो साधा, प्रत्येक खाडीत असणारा व्हिब्रिओ पॅराहिमोलिटिकसच होता. फक्त त्याच्याकडे साधारण ७० हजार अक्षरांचं एक प्लाझ्मिड आलं होतं आणि त्यावर पिर नावाच्या जोडविषाची जनुकं. किडे मारणाऱ्या एका जंतूच्या विषाशी त्यांचं नातं आहे. कोळंबीचा यकृतासारखं काम करणारा अवयव ते विष उद्ध्वस्त करतं. या प्लाझ्मिडवर अशीही सोय आहे की विभागणीत ज्या पेशीला ते मिळालं नाही ती पेशी मरते. तिथे खुणा, अटी, वाट पाहणं, यांचा फारसा उपयोग नाही. असा वाण बीजाबरोबर आला तर "कुठून आला?" हाच प्रश्न खरा. आपल्याकडचं वेनामी जातीच्या कोळंबीचं बहुतेक बीज पूर्व किनाऱ्यावरच्या हॅचऱ्यांतून येतं. ते घेताना पीसीआर तपासणीचे पैसे वाचवणारा माणूस मला अजूनही समजलेला नाही.

पण जिताडा माशाच्या तळ्यात तो प्रकार नसतो. तिथे परत खाडीचेच जुने रहिवासी. खारेपाटात आमच्या लहानपणी पावसाळ्यात खाडीतून जिताड्याची बोटभर पिल्लं आणून घरामागच्या तळ्यात सोडायचे. मोठ्या तळ्यात थोडीच. ती छोटे मासे खात दोन-तीन वर्षं वाढायची, आणि मग एक दिवस जावई यायचा, किंवा तालुक्याच्या कचेरीत एखादं काम अडलेलं असायचं. जिताड्याने कितीतरी सातबारे दुरुस्त केलेत आमच्याकडे. तळ्यात साथ आल्याचं मात्र कोणाला आठवत नाही. हार्वेयी तेव्हाही असणारच, अँग्विलेरमचे भाऊबंदही. पाणी उबदार होतंच. गर्दी नव्हती, आणि जाळ्याची भीती जावयाच्या भेटीपुरतीच.

माझा आत्येभाऊ आता जिताडा पिंजऱ्यात वाढवतो. सिंधुदुर्गात ज्याला चोणक म्हणतात तोच हा. पिंजरा म्हणजे जाळीच्या चौकटीत दाटीने मासे, रोज ठरलेलं खाद्य, आणि लहानमोठे वेगळे करण्यासाठी वरचेवर उपसणं, कारण मोठा जिताडा लहान भावाला गिळतो. उपसताना खवले निघतात, बुळबुळीत थर जातो. त्याच्या पिंजऱ्यात मर झाली तेव्हा दुकानदाराने त्याला अँटिबायोटिकचा डबा दिला. मी तो परत करायला लावला. क्लोरॅम्फेनिकॉल आणि नायट्रोफ्युरान आपल्याकडे मत्स्यशेतीत बंदच आहेत, आणि जी औषधं चालतात तीही पाण्यात ओतून खाडीच्या सगळ्या जंतूंना सराव करून देण्यात काय शहाणपण?

"मग काय टाकू ते सांग," तो म्हणाला.

टाकण्यासारखं थोडंफार आहे. लोखंड झपाट्याने पळवणारा एक निरुपद्रवी स्यूडोमोनस पाण्यात सोडला तर अँग्विलेरमने मरणारे ट्राउट कमी होतात, हे १९९९ मध्ये डेन्मार्कमधल्या प्रयोगात दिसलं होतं. बॅसिलस जातीच्या काही जंतूंकडे बोलीचा रेणू फोडणारं विकर आहे. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरचं डेलिसिया नावाचं एक तांबडं शेवाळ तर असे रेणू बनवतं की जंतूंना एकमेकांचे निरोपच मिळत नाहीत. हे सगळं टाकीत छान चालतं. खाडीत दिवसातून दोनदा पाणी बदलतं. तिथे टाकलेलं प्रत्येक औषध पुढच्या ओहोटीला समुद्राचं होतं. बाजारातल्या प्रोबायोटिकच्या डब्यांवर यांतलं बरंच काही छापलेलं असतं. डब्यात ते किती जिवंत असतं, हे त्या डब्यालाच ठाऊक.

म्हणून मी त्याला टाकायचं काही सांगितलंच नाही. मासे कमी सोड. उपसणं कमी कर, आणि करायचंच असेल तर पहाटे नको, प्राणवायू चढल्यावर कर. उपसण्याच्या आदल्या दिवशी खाद्य बंद ठेव. जाळी गाठ नसलेली घे, म्हणजे अंग खरचटणार नाही. मेलेला मासा लगेच काढ, कारण त्याच्या अंगात जंतूंची दाटी झालेली असते आणि शेजारचा जिताडा त्याला टोचत बसतो.

तो शांतपणे ऐकत होता. मग त्याने खिशातून मोबाइल काढून हिशेब मांडला. पिंजऱ्याचं कर्ज, जाळीचे पैसे, खाद्याची उधारी, राखण्याचा पगार. चौकटीत मासे एवढे धरले तरच हप्ता जातो. त्याहून कमी धरले तर जंतू उपाशी राहील आणि त्याच्याबरोबर मीही, असं तो म्हणाला, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. हप्ता ठरवणाऱ्यांनी फरचं नाव ऐकलेलं नसतं.

या खेपेला त्याने निम्मेच मासे सोडलेत. मला जरा बरं वाटलं, तसं मी फोनवर बोलूनही दाखवलं. तर म्हणाला, "तुझ्यामुळे नाही रे बाबा. बोटुकलीच मिळाली नाही."